कॅमेऱ्यापलीकडच्या मतदाराशी बोलणारा नेता : जॉन एफ. केनेडी

मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे २९ मे १९१७ रोजी जन्मलेल्या जॉन फिट्झजेराल्ड केनेडी यांना श्रीमंती वारशाने लाभली. आरोग्य मात्र कधीच लाभले नाही. हार्वर्डमधील शिक्षणानंतर ते नौदलात दाखल झाले. ऑगस्ट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेच्या धडकेने त्यांची पीटी-१०९ ही बोट दुभंगली, तेव्हा जखमी सहकाऱ्याला ओढत त्यांनी पोहून बेट गाठले. १९४७ मध्ये ते प्रतिनिधिगृहात आणि १९५३ मध्ये सिनेटमध्ये पोहोचले.

१९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ४३ वर्षांच्या या कॅथलिक उमेदवारावर मुख्य आक्षेप होता तो अननुभवाचा. प्रतिस्पर्धी रिचर्ड निक्सन तर आठ वर्षे उपाध्यक्षपदी होते. २६ सप्टेंबरला शिकागोतील स्टुडिओत दोघे समोरासमोर आले. अध्यक्षीय उमेदवारांचा हा पहिलाच दूरचित्रवाणी वादविवाद सुमारे ७ कोटी लोकांनी पाहिला.

त्या रात्रीचे श्रेय बहुधा केनेडींच्या रूपाला आणि गडद सुटाला दिले जाते. गुडघ्याच्या आजारातून नुकतेच उठलेले निक्सन फिकट सुटात अधिकच निस्तेज दिसले, हे खरेच. परंतु केनेडींनी हॉटेलच्या खोलीत सहायकांसमवेत संभाव्य प्रश्नांची तासन्‌तास उजळणी केली होती. विषय देशांतर्गत धोरणाचा असूनही त्यांनी आरंभीच त्याचा संबंध शीतयुद्धाशी जोडला आणि चर्चेची चौकट स्वतः आखली. निक्सन प्रतिस्पर्ध्याच्या मुद्द्यांना उत्तरे देत राहिले. केनेडी कॅमेऱ्याकडे पाहून घराघरांतील मतदाराशी बोलले. समान मंचावर बरोबरीने उभे राहताच अननुभवाचा आक्षेप बोथट झाला.

नोव्हेंबरमध्ये केनेडी विजयी झाले. देशभरातील एकूण मतांमधील त्यांची आघाडी सव्वा लाखाहूनही कमी होती. एवढ्या निसटत्या विजयाचे श्रेय एकट्या वादविवादाला देणे धाडसाचे ठरेल. त्याचा वाटा नाकारणेही तितकेच कठीण.

या यशाला एक काळी किनारही आहे. पडद्यावर तेजस्वी दिसणाऱ्या केनेडींना अ‍ॅडिसनचा विकार होता आणि प्रचारकाळात त्यांच्या गोटाने तो नाकारला होता. मतदारांनी निक्सन यांचा थकवा पाहिला. केनेडींचा आजार त्यांना दिसलाच नाही.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे केनेडींची हत्या झाली. त्यानंतर अध्यक्षीय उमेदवार पुन्हा अशा वादविवादात उतरले ते थेट १९७६ मध्ये. आज दर चार वर्षांनी असे वादविवाद पाहताना केनेडींचे कौशल्य अवश्य आठवावे. मात्र कॅमेरा काय दाखवत नाही, हा प्रश्नही सोबत ठेवावा.