कोनराड त्सुझे: रिलेवर जमिनीचा हिशेब

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली, त्याच वर्षी बर्लिनमध्ये कोनराड त्सुझे जन्मले. शिकले स्थापत्य अभियांत्रिकी. पण त्याच त्या आकडेमोडीला कंटाळून आई-वडिलांच्या घरातच गणनयंत्र जोडायला लागले. १९४१ मध्ये त्यांचा झेड-३ रिलेंवर चालला. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालू-बंद होणारा स्विच: चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. पुढे १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात झेड-३ नष्ट झाला, तरी त्सुझे थांबले नाहीत. १९५५ चा झेड-११ सुद्धा रिलेवरचाच. तो भिंगांच्या उद्योगासाठी गणितं करायचा, आणि जर्मनीतल्या विखुरलेल्या शेतांच्या एकत्रीकरणाचीही. आपल्याकडे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने एकत्रीकरण आलं. मी सातारा-सांगलीकडचा, गट नंबर आणि बांधावरची भांडणं आम्हाला नवी नाहीत. एक आकडा चुकला की कुणाची तरी जमीन कमी भरते. त्सुझे १९९५ मध्ये गेले. झेड-३ मुळे त्यांचं नाव झालं, पण मला झेड-११ जास्त मोलाचा वाटतो.