पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत पंडिता, समाजसुधारक, लेखिका आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार होत्या. शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती मिशन या संस्थांमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हे त्यांचे सर्वांत मोठे लेखनकार्य. त्याचा उल्लेख मात्र बहुधा ओझरताच केला जातो.

पूर्वायुष्य

रमाबाईंचा जन्म सध्याच्या कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. तीर्थक्षेत्री पुराणे सांगत फिरणाऱ्या या कुटुंबात भागवताचे सहस्रावधी श्लोक रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत झाले. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण दगावल्यावर त्या भाऊ श्रीनिवास यांच्यासह १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ मध्ये वैधव्य आल्यावर कन्या मनोरमा हिला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध केले. या पुस्तकाची मराठी संस्कृतप्रचुर आहे, ही गोष्ट पुढील संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

धर्मांतर आणि ग्रंथप्रामाण्याचा प्रश्न

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत असताना त्या संस्कृतही शिकवीत. अँग्लिकन चर्चमधील वरिष्ठांचे सर्व सिद्धान्त त्यांनी निमूटपणे स्वीकारले नाहीत. एखादे मत चर्चने ठरवले म्हणून ते मान्य करण्याऐवजी ते बायबलमध्ये खरोखर आहे का, हे त्या तपासून पाहत. त्यांचा हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेल्या व्यक्तीने मूळ संहितेचा आग्रह धरावा, यात नवल नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलवले. १८९३ मध्ये विद्यार्थिनींच्या ख्रिस्ती धर्माकडील ओढीवरून वाद पेटला आणि न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनेक निराधार मुली व स्त्रिया आणल्या. दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांची सोय करण्यात आली. पुढील भाषांतराचा वाचकवर्ग हाच होता.

बायबलचे भाषांतर

मराठीत बायबल यापूर्वीच आले होते. श्रीरामपूर (बंगाल) येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ शर्मा या मराठी पंडिताच्या साहाय्याने केलेला नवा करार १८११ मध्ये छापला गेला. त्यानंतर मुंबईत अमेरिकन मिशनरींनी व बायबल सोसायटीने नवी व सुधारित भाषांतरे केली. रमाबाईंच्या मते प्रचलित भाषांतराची भाषा सामान्य स्त्रीला जड जाई. शिवाय त्यातील अनेक संस्कृत शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ सोबत आणत. ही अडचण खरी आहे. 'मोक्ष' म्हटले की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा अर्थ आपोआप येतो, 'तारण' म्हटल्याने येत नाही. असे शब्द नेमके ओळखण्यास संस्कृतचे सखोल ज्ञान लागते आणि ते रमाबाईंपाशी होते. ज्या विद्येमुळे त्या पंडिता ठरल्या, तिचा उपयोग त्यांनी संस्कृत शब्द बाजूला सारण्यासाठी केला.

जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत असून दानिएल व एज्रा या पुस्तकांतील काही भाग अरामी भाषेत आहे. नवा करार कोइने ग्रीक भाषेत, म्हणजे त्या काळच्या बोलचालीच्या ग्रीकमध्ये आहे. त्यामुळे निदान नव्या कराराच्या बाबतीत सोपी मराठी मूळच्या भाषेस धरूनच होती, असे म्हणता येईल. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे संस्थेचा कारभार सांभाळून या कामास दिली. छपाई मुक्ती मिशनच्या छापखान्यात झाली आणि खिळे जुळवण्याचे कामही तेथील स्त्रियांनी केले. एका स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणे जगात मोजकी आहेत. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर (१८७६) हे त्यांपैकी एक.

अखेर

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. त्यानंतरही रमाबाईंनी मुद्रिते तपासणे सुरूच ठेवले. अखेरचे मुद्रित हातावेगळे केल्यावर लगेचच त्यांनी प्राण सोडला, असे मुक्ती मिशनच्या परंपरेत सांगितले जाते. त्यांचे निधन केडगाव येथे झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी चर्चमध्ये मात्र बायबल सोसायटीचीच आवृत्ती रूढ राहिली आणि रमाबाईंच्या भाषांतराचा प्रसार मर्यादितच झाला.