गार्सिया द ओर्ता आणि नदीपलीकडचे रान

सुटी संपवून नार्व्याहून चोर्ला घाटाने बेळगावला परतताना, पावसाळ्यात गाडी ढगात शिरली की मला हटकून एका वैद्याची आठवण होते. गार्सिया द ओर्ता हे त्याचे नाव. पणजीच्या चर्चजवळची बाग त्याच्याच नावाची.

तो जन्मला पोर्तुगालात, १५०१ च्या सुमारास, बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू कुटुंबात. सालामांका व अल्काला येथे शिकून, लिस्बनच्या विद्यापीठात काही काळ शिकवून, १५३४ साली तो गोव्यात आला आणि येथलाच झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. पण जीव रमला तो औषधी वनस्पतींत. वैद्य, हकीम, व्यापारी, ज्याला ठाऊक त्याला विचारायचे आणि प्राचीन ग्रीकांचे चुकले असेल तर तसे सांगायचे, ही त्याची रीत. १५६३ साली गोव्यातच छापलेला त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. अंतोनिया ही दासी मधून मधून हवी ती वनस्पती आणून दाखवते. त्यात आपले भिरंडही आहे. (भिरंडाचे ‘गार्सिनिया’ हे शास्त्रीय नाव ओर्तावरून पडले असे मी बरीच वर्षे समजत होतो. ते गार्सँ नावाच्या दुसऱ्याच माणसाचे!)

तथापि हे ज्ञान मुख्यत्वे बाजारातले आणि बागेतले. मांडवीपलीकडची डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती आणि तिच्यामागे सह्याद्रीचे दाट रान. बांदा बेटांतून येणाऱ्या जायफळावर ओर्ताने लिहिले; त्याच कुळातली रामपत्री मात्र आपल्याच घाटातली. आज ती धोक्यातल्या वृक्षांत गणली जाते. तिच्या कुळाला पाणथळ राई मानवते आणि अशा राया पाणी वळवून, शेते व कुळागरे करून पुष्कळ ठिकाणी संपल्या.

१५६८ साली ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जिवंत जाळले. १५८० साली त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. ग्रंथ तेवढा वाचला, कारण १५६७ सालीच क्लूसियसने त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पला छापून युरोपभर पोचवला होता.

सत्तरीतल्या बांबर गावी निरंकाराची राई आहे. देवाची म्हणून तिला कुणी कुऱ्हाड लावत नाही. जायफळाच्या कुळातली झाडे पाण्यात मुळे रोवून उभी असलेली मी पाहिली ती तेथेच.