विल्यम केरी व त्यांची बाग

कर्जत व खालापूर तालुक्यांतील रानांत कुंभ्याचें झाड आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. त्याचीं पानें गळण्यापूर्वीं तांबडीं होतात, उन्हाळ्याच्या तोंडावर पुष्कळ केसरांचीं मोठीं फुलें येतात, आणि मागाहून लहानशा कुंभासारखें गोल हिरवें फळ धरतें. पूर्वीं ह्याच्या सालीच्या दोराची बत्ती तोड्याच्या बंदुकांना लावीत. वनस्पतिशास्त्रांत मात्र ह्या झाडाचें नांव केरिया असें आहे. तें एका माणसाच्या नांवावरून पडलें. तो माणूस कोण, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विल्यम केरी ह्यांचा जन्म इंग्लंडांतील पॉलर्सपरी ह्या खेड्यांत १७ ऑगस्ट १७६१ रोजीं झाला. वडील आरंभीं विणकर होते. पुढें ते गांवच्या शाळेचे मास्तर झाले. लहानपणापासून केरींस झाडें, पांखरें व किडे ह्यांचा विलक्षण नाद. माळीकाम करणाऱ्या चुलत्यामुळें ही गोडी वाढली. धाकट्या बहिणीला घेऊन ते चिखल तुडवीत रानोमाळ हिंडत. बाहेर जातांना आपलीं पांखरें ते तिच्या स्वाधीन करीत. तिच्या अति मायेनें त्यांतलीं कांहीं मरत. परंतु तिचें दुःख पाहून ते रागावत नसत, उलट पुन्हा तिच्याच हातीं पांखरें सोपवीत. जीव कसा जतन करावा, हें तिला असें शिकावयास मिळालें.

उन्हानें कातडीस विकार होई, म्हणून शेतकाम सोडून केरींस जोडे शिवण्याचा धंदा धरावा लागला. तो करितां करितां त्यांनीं अनेक भाषा आत्मसात केल्या. १७९३ सालीं धर्मकार्यासाठीं ते कलकत्त्यास आले व १८०० सालीं हुगळीकांठच्या श्रीरामपुरास स्थायिक झाले. हें श्रीरामपूर बंगाल्यांतील, आपल्या महाराष्ट्रांतील नव्हे. फोर्ट विल्यम कॉलेजांत ते मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ ह्यांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मोडी अक्षरांत कोश छापिला. आपण मराठी भाषिक त्यांचे ऋणी आहों.

श्रीरामपुरास त्यांनीं सुमारें पांच एकरांची बाग केली. कलकत्त्याच्या सरकारी वनस्पतिबागेचे प्रमुख डॉ. रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही. त्यांनींच कुंभ्याच्या जातीस केरींचें नांव दिलें. मित्राच्या पश्चात् त्यांचा हिंदी वनस्पतींवरील ग्रंथ केरींनीं प्रसिद्ध केला. इमारती लाकडाच्या झाडांची लागवड व्हावी, असें त्यांनीं लिहून मांडिलें. १८२० सालीं कलकत्त्यास शेतकी व बागायतीची संस्था स्थापण्यांत ते अग्रेसर होते. श्रीरामपूर कॉलेजच्या विद्यार्थ्यांस ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८२३ सालीं दामोदर नदीच्या पुरानें त्यांची बाग बुडाली. केरी तेव्हां आजारी होते. बरे होतांच त्यांनीं पुन्हा बीं पेरण्यास आरंभ केला.

शेवटच्या दुखण्यांत चालवेना, तेव्हां त्यांना बागेंत उचलून नेत; तेंही अशक्य झालें, तेव्हां मुख्य माळी बिछान्यापाशीं येऊन झाडांचें वर्तमान सांगे. आपल्यामागें बागेंत गाई शिरतील, ही एकच चिंता त्यांना जाळीत होती. त्यांचे सहकारी मार्शमन ह्यांस झाडांची आवड नव्हती. तरीही बाग राखणें हें आपण पवित्र कर्तव्य मानूं, असें त्यांनीं वचन दिलें. ९ जून १८३४ रोजीं केरी निवर्तले. मार्शमनही थोड्याच वर्षांत गेले, आणि पुढें ती बाग उरली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ह्या शेवटच्या गोष्टीचा आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. दर पावसाळ्यांत आम्ही मोठ्या उत्साहानें रोपें लावितों. परंतु होळीपर्यंत त्यांतलीं किती वांचतात, हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. कांहीं गुरें खातात, कांहीं वणव्यांत जळतात, बाकीचीं पाण्यावांचून सुकतात. रोप लावणें हें एका दिवसाचें काम. राखणें हें वर्षांचें, आणि आपल्यामागें राखणारा तयार करणें हें सर्वांत कठीण. म्हणून प्रत्येकानें एका रोपास कांट्यांचें कुंपण घालावें व उन्हाळाभर पाणी द्यावें. शाळा सोडतांना तें धाकट्या भावंडाच्या हातीं सोपवावें. त्याच्या हातून एखादें रोप मेलें, तर पालकांनीं त्यास रागें न भरतां दुसरें द्यावें. केरींनीं आपल्या बहिणीस असेंच शिकविलें होतें.