टचपॅडवर सूर वाजवायची आयडिया शंभर वर्षं जुनी? भेटा लेव्ह थेरेमिन यांना

मागच्या आठवड्यात मी लॅपटॉपच्या टचपॅडचा मिडी कंट्रोलर केला. बोट डावी-उजवीकडे सरकवलं की स्वर बदलतो, वर-खाली नेलं की आवाज लहान-मोठा होतो. एक छोटा प्रोग्रॅम बोटाची जागा आकड्यांत बदलून म्युझिक अ‍ॅपला पाठवतो, बस्स. ते वाजवताना मला सारखे लेव्ह थेरेमिन आठवत होते.

थेरेमिन यांचा जन्म १८९६ चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. फिजिक्स शिकलेले आणि चेलोही वाजवायचे. १९२० च्या सुमारास ते वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं यंत्र बनवत होते. हात जवळ नेला की यंत्राचा आवाज बदलतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून वाद्य जन्माला आलं: थेरेमिन.

या वाद्याला हात लावायचाच नाही! उभ्या अँटेनाजवळचा हात स्वर ठरवतो, आडव्या कडीजवळचा हात आवाज. आपलं शरीर अँटेनाभोवतीचं विद्युत क्षेत्र बदलतं, म्हणून हे जमतं. तुमचा टचपॅड आणि मोबाईलची स्क्रीनही याच तत्त्वावर बोट ओळखतात.

१९२२ मध्ये थेरेमिन यांनी हे वाद्य लेनिनना वाजवून दाखवलं. पुढे ते अमेरिकेत गेले. १९२८ मध्ये पेटंट मिळालं, १९२९ मध्ये आरसीए कंपनीने वाद्य बाजारात आणलं. पण विक्री फारशी झाली नाही. ना पट्टी, ना पडदा. सूर हवेतच शोधायचा, सोपं थोडंच आहे? क्लारा रॉकमोर यांच्यासारख्या मोजक्याच कलाकारांनी त्यावर हुकमत मिळवली.

१९३८ मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. शिक्षा आठ वर्षांची. आधी कोलिमाची छावणी, मग कैदी शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा. तिथे त्यांनी बॅटरीशिवाय चालणारं हेरगिरीचं उपकरण बनवलं. १९४५ मध्ये ते लाकडी राजमुद्रेत लपवून मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला भेट दिलं गेलं आणि १९५२ पर्यंत कुणाला सापडलं नाही! ज्या माणसाने हवेतून संगीत काढलं, त्याच्याकडून भिंतीआडचं बोलणं ऐकायचं काम करून घेतलं गेलं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

पण वाद्य टिकलं. रॉबर्ट मूग तरुणपणी थेरेमिन बनवून विकायचे. पुढे १९६४ मध्ये त्यांनी आपला सिंथेसायझर आणला. १९८३ मध्ये मिडी आलं, तेव्हा थेरेमिन हयात होते. १९९३ मध्ये, ९७ व्या वर्षी ते गेले.

तुम्हीही टचपॅडवर हे करून बघणार असाल, तर एक टिप. मिडीच्या साध्या कंट्रोल मेसेजला १२८ च पायऱ्या असतात, त्यामुळे मींड तुटक येते. स्वरासाठी पिच बेंड वापरा, त्यात १६,३८४ पायऱ्या आहेत. सूर पहिल्यांदा बरोबर लागेल, तेव्हा थेरेमिन यांची आठवण नक्की काढा.