मोजल्याशिवाय झीज कळत नाही

पसरणी, खंबाटकी, कुंभार्ली हे घाट सातारा-सांगलीकडच्या गाड्यांच्या रोजच्या वाटेवरचे. ते उतरताना ब्रेकवर पाय पडला की चाकामागची एक गोल चकती दोन पॅडच्या चिमट्यात सापडते आणि गाडी हळू होते. गॅरेजमध्ये तिला डिस्क किंवा रोटर म्हणतात. ही चकती बहुतेक गाड्यांत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. या भागात बीड ओतण्याचा मोठा उद्योग ज्यांनी उभा केला, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे आयुष्य जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत रमे. थोरले बंधू रामुअण्णांच्या पाठिंब्याने १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. तेथे लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता.

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात. त्यांच्यातील एखादा प्रकार नीट काम करत नसेल, तर काही रंगांमधला फरक कळत नाही. जन्मजात रंगांधळेपणाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो पुरुषांत अधिक दिसतो. त्यावर आजही खात्रीचा उपचार नाही. मात्र दृष्टीची धार त्याने सहसा कमी होत नाही. लक्ष्मणरावांनी रंगकाम सोडले आणि यंत्रांचे आरेखन धरले. तेथे रंगाला किंमत नसते. रेषा, कोन आणि माप यांनाच असते.

पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक आरेखन शिकवू लागले. त्याच काळात, १८८८ च्या सुमारास, बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. हक्काची बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. सायकलींची विक्री आणि दुरुस्ती करता करता त्यांनी शेतीच्या अवजारांत लक्ष घातले. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत पक्की होती. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करत असे. लोखंडी नांगराचे काही बिघडले तर कोणाकडे जायचे, ही शंकाही रास्त होती. नांगराचा फाळ रोज मातीवर घासतो. मातीतली वाळू त्याला कानशीसारखी खात जाते. म्हणून अशा नांगराचा फाळ वेगळा काढता येईल असा बनवतात. स्वस्त भाग झिजतो, महाग भाग वाचतो. बोथट फाळ वेळेवर बदलला नाही तर बैलांना जास्त ओढावे लागते आणि नांगरट उथळ होते. ज्याला नांगर विकायचा आहे, त्याला फाळही पुरवत राहावे लागते. शेतकऱ्यांचा विश्वास बसायला वेळ लागला, पण तो बसला.

धंदा जरा स्थिरावतो तोच बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात आहे, पण संस्थानचा मुलूख विखुरलेला होता. त्यातील कुंडल गावाजवळचा, रेल्वे स्टेशनालगतचा माळ त्यांनी कारखान्याला दिला आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १९१० मध्ये त्या माळावर काम सुरू झाले. निवडुंग माजलेला, साप फिरत असलेले आणि पाण्याची टंचाई, अशी ती जागा होती. रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली, शंभोअण्णा जांभेकरांनी यंत्रांची आणि मंगेशराव रेग्यांनी हिशेबाची. त्या वस्तीचे नाव किर्लोस्करवाडी झाले. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे.

कारखान्याचे हृदय म्हणजे ओतशाळा. लोखंडात साधारण ३ ते ४ टक्के कार्बन असला की त्याला बीड म्हणतात. ते वितळायला पोलादापेक्षा सोपे आणि साच्यात छान वाहणारे असते. करड्या बिडात थंड होताना कार्बनचे ग्रॅफाइट होऊन त्याचे बारीक पापुद्रे पसरतात. या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंप शोषला जातो. उणीव एवढीच की बीड ठिसूळ असते. वाकण्याऐवजी ते तडकते. लक्ष्मणरावांनी ही विद्या बरीचशी परदेशी पुस्तके आणि मासिके वाचून, चुकत-माकत आत्मसात केली. पहिल्या महायुद्धात कोकची टंचाई झाली तेव्हा लोणारी कोळशावर भट्टी चालवली गेली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत पाण्याचे सेंट्रिफ्युगल पंप बनू लागले आणि त्यांची बिडाची अंगे शेतोशेतीच्या विहिरींवर पोहोचली.

लक्ष्मणराव नांगराच्या खटपटीत होते त्याच सुमारास, १९०२ मध्ये, इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. मोटारींत हा ब्रेक रुळायला अर्धे शतक लागले, पण पुढे त्याची चकती करड्या बिडाचीच राहिली. कारण तेच: उष्णता आणि कंप. पाचगणीहून वाईला येताना गाडी सुमारे ५७० मीटर खाली उतरते. दोन टन वजनाच्या मोठ्या गाडीची तेवढ्या उतारात जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे ३५ लिटर पाणी उकळीला येईल. काही भाग हवा आणि इंजिन घेते. उरलेला सगळा चकत्यांत जातो. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा असतो.

चकतीही फाळासारखीच झिजण्यासाठी बनवलेली असते. पातळ झालेली चकती लवकर तापते. ती तापली की पॅडची पकड सुटते, ब्रेक ऑइल उकळते आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. हे सपाटीवर होत नाही, घाटात होते. चालवणाऱ्याला आधी काही वाटत नाही, कारण झीज महिनोन्महिने थोडी थोडी होते आणि शरीर हळू बदलाला सरावते. रक्तदाब वाढलेल्या माणसाला जसे बरे वाटत असते, तसेच हे आहे. रक्तदाब मोजावा लागतो, चकतीही मोजावी लागते.

दहा-बारा वर्षांच्या गाडीत बहुधा पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असतात. तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट लावावी, नट जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि उचललेली गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. चकतीच्या कडेला बोटाला लागणारी उंच कड, खोल चरे, निळसर डाग आणि केसासारख्या भेगा पाहाव्यात. मग मायक्रोमीटरने पाच-सहा ठिकाणी जाडी मोजावी. किमान जाडी बहुधा चकतीवरच कोरलेली असते. नवी चकती २६ मिलिमीटर असेल तर ही मर्यादा २४ च्या आसपास असू शकते, म्हणजे सारा खेळ दोन मिलिमीटरचा. साध्या नजरेला हा फरक दिसत नाही. माप मर्यादेखाली असेल, किंवा कडेपर्यंत भेग गेली असेल, तर लेथवर घासून वेळ मारून नेऊ नये. चकती बदलावी.

बदलताना एकाच बाजूची बदलू नये. दोन्ही चाकांच्या चकत्या आणि पॅड एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक लागताच गाडी एका अंगाला ओढते. सोडवलेला कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. हबवरचा गंज खरवडून काढावा. गंजाचा बारीक कण राहिला तरी नवी चकती डगमगते आणि पेडल थरथरते. नव्या चकतीवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे. नट ठरवून दिलेल्या जोराने, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहावे. पहिल्या एक-दोनशे किलोमीटरात करकचून ब्रेक मारणे शक्य तो टाळावे.

आरोग्याची एक गोष्ट गॅरेजमध्ये फार दुर्लक्षिली जाते. ब्रेकची काळी धूळ हवेच्या झोताने उडवण्याची सवय आहे. या धुळीत धातूचे बारीक कण असतात, आणि जुन्या पॅड-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात वर्षानुवर्षे राहतात आणि काही दशकांनी कर्करोगाला कारण ठरू शकतात. धूळ ओल्या फडक्याने किंवा क्लीनरने काढावी, मास्क लावावा, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

लक्ष्मणरावांच्या उतारवयात त्यांच्या वाडीवरही मोठा आघात झाला. १९४८ च्या सुरुवातीला, गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचे मोठे नुकसान झाले. कारखाना पुन्हा उभा राहिला. तोवर उद्योगाचा भार पुत्र शंतनुराव आणि पुढच्या पिढीने उचलला होता. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

रंग दगा देतात हे कळल्यावर लक्ष्मणरावांनी मापावर भरवसा ठेवला आणि त्यावर आयुष्य उभारले. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात आज बीड ओतणाऱ्या अनेक ओतशाळा आहेत. तेथे चांगले बीड ओतले जाते, पण कोणतेही बीड न झिजणारे नसते. गाडी ठीक थांबते असे वाटणे हा पुरावा नव्हे. पावसाळ्यापूर्वी आणि घाटाच्या लांब प्रवासापूर्वी चाक उतरवून चकतीची जाडी मोजून घ्यावी, आकडा गाडीच्या कागदांसोबत तारखेसह लिहून ठेवावा, आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून पाहावा.