पोराच्या सोयीने शाळा मांडणारे जोतीराव

बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले ते तिघे म्हणजे बुद्ध, कबीर आणि महात्मा जोतीराव फुले. जोतीरावांनी शाळा काढल्या हे आपल्या घराघरात माहीत आहे. त्या शाळांमागचा विचार काय होता, तेवढे आम्ही इथे सांगतो.

जोतीराव १८२७ साली जन्मले. लहानपणीच त्यांची शाळा सुटली नि ते मळ्यात राबू लागले. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले. शाळा सुटलेल्या पोराचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते.

१८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा झाल्या. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा काय कामाची? म्हणून १८५५ मध्ये रात्रीची शाळा काढली. पाळी करून अक्षर गिरवलेल्या आम्हा गिरणीवाल्यांना तिचे मोल सांगायला नको.

१८८२ मध्ये त्यांनी हंटर कमिशनला निवेदन दिले. निदान १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे, आरोग्याचे सोपे धडे द्या, अशी मागणी केली. खेड्यात विषय थोडे चालतील, पण उपयोगाचे हवेत. मास्तर शेतकरी घरातला, वेळ पडली तर नांगर धरणारा, गरिबांत मिसळणारा असावा आणि त्याला पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा. चढाओढीच्या स्कॉलरशिपा खालच्या पोरांपर्यंत पोचत नाहीत, हेही त्यांनी सरकारला बजावले.

त्याच साली आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापले गेले. त्यांचे वडील बापूजी हरी सत्यशोधक. ताराबाईंवर टीका झाली, तेव्हा जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. पण त्यांचा धडा आजही लागू आहे. एखाद्या पोराला फळा नीट दिसत नाही, एखाद्याला कमी ऐकू येते, एखादे ऊसतोडीला गेल्याने मागे पडते. त्याला ढ ठरवून मागच्या बाकावर बसवले, की त्याची शाळा सुटलीच समजा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यानेही अशा मुलांना सर्वांसोबत, त्यांच्या गरजेप्रमाणे शिकवायला सांगितले आहे. विहारात मुलांचा अभ्यास घेताना कमी दिसणाऱ्याला पुढे बसवा, कमी ऐकणाऱ्याला समोरून, सावकाश सांगा, मागे पडलेल्याच्या जोडीला एक मोठे पोर द्या. याला पैसा लागत नाही. जोतीरावांची जयंती अशी साजरी व्हावी, एवढीच आमची विनंती.

जय जोती! जय भीम!